टाळूवर सोरायसिस आणि वर ग्रोथ फॅक्टरचं पॅकेज? ताई, थांबा

ताई, टाळूवर सोरायसिस (खवल्यांचे लाल चट्टे उठणारा त्वचेचा आजार), केस गळतायत आणि क्लिनिकवाले म्हणतात रोलरच्या सुया टोचून ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनांचं, सीरम सोडू. तुमचं हे वाचून माझे गेलेले अठरा हजार आठवले. तीन वर्षांपूर्वी, इथंच नागपुरात, मी त्याच खुर्चीत बसलो होतो. क्लिनिकचं नाव लिहीत नाही.

सोरायसिस लागट नाही वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडतो.

माझं खरं नडलं ते फॉर्मवर. ‘त्वचेचा आजार आहे का?’ या रकान्यात तिथल्या मॅडमनी स्वतःच ‘नाही’वर टिक केली, ‘कोंडाच तर आहे’ म्हणाल्या, आणि मी गुमान सही केली. बाराव्या-तेराव्या दिवशी कपाळाच्या कडेला, जिथं कधीच चट्टा नव्हता, तिथं लाल ठिपके उठले. तेही तिफणीनं पेरल्यासारखे, सरळ ओळीत! महिनाभरात ओळी जुळून पट्टा झाला. त्यात नागपूरचा मे, हेल्मेटखाली घाम. पैसे परत मागायला गेलो, तर माझ्याच सहीचा कागद माझ्यापुढे धरला. काय बोलणार बाप्पा!

मग मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत गेलो, तेव्हा उलगडा झाला. कातडीला इजा झाली की पेशी टीजीएफ-अल्फासारखे ग्रोथ फॅक्टर सोडतात. ते पेशीवरच्या ईजीएफ रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या कडीला, चिकटले की ‘वाढा’ असा हुकूम सुटतो. एरवी जखम भरली की हुकूम थांबतो. आपल्या सोरायसिसच्या चट्ट्यात तो चालूच राहतो. तिथं टीजीएफ-अल्फा जास्त असतो, हे १९८९ सालीच दिसलं होतं. वरून आयएल-१७ वगैरे सूज वाढवणारी प्रथिनं तेल ओततातच. त्यामुळे पेशींचा खालून वर यायचा महिनाभराचा प्रवास ४-५ दिवसांत उरकतो, कच्च्याच पेशी वर येतात, तेच खवले. इजेच्या जागी नवा चट्टा उगवतो, त्याला डॉक्टर लोक ‘कोब्नर परिणाम’ म्हणतात. म्हणजे जिथं वाढ आवरायची, तिथंच आपण सुया टोचून घ्यायच्या!

दोष सीरमचा किती, सुईचा किती, हे छातीठोक सांगत नाही. माझा राग सुईवर. मी डॉक्टर नाही, प्रत्येकाची कातडीही वेगळी. पण चट्टे चालू असताना रोलर नकोच, या मतावरून मी हलणार नाही.

आणि हो, फणीनं खवले खरवडत असाल तर तेही बंद करा, तीही इजाच. मी रात्री खोबरेल लावून सकाळी हलक्या हातानं धुतो. पेशींची वाढ मंदावणारं कॅल्सिपोट्रिऑल लोशन तुम्हाला चालेल का, ते स्किनवाल्यांना विचारा. टाळू शांत झाल्यावर माझे केस फुकटात परत आले.

तरीही जायचंच असेल, तर फॉर्म स्वतः भरा आणि त्या रकान्यात ‘सोरायसिस’ असं अक्षरात लिहा. मग ते काय म्हणतात, ते इथं कळवा.