जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’ या सिनेमामध्ये शेक्सपिअरचे संवादच नाहीत, मग तो ‘मॅकबेथ’ कसा?

तुम्ही विचारलंय, शब्द काढले तर मॅकबेथमध्ये उरतं काय, आणि त्या सिनेमात एवढं धुकं कशासाठी.

मी कोल्हापुरात हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. शिरवाडकरांनी मॅकबेथ मराठीत ‘राजमुकुट’ म्हणून आणलं. ते आम्ही बसवलं तेव्हा माझा सगळा जीव स्वगतांत अडकला होता. नट बोलायला लागला की बाकीचं रंगमंच मंद करायचं, एक स्पॉट त्याच्या तोंडावर. १९५७ च्या या सिनेमात मला तो स्पॉट टाकायला जागाच सापडली नाही. मनातली उलघाल कुरोसावानं माणसाच्या बाहेर ठेवलीय, मातीत, भिंतीवर, कापडात.

धुक्याचं म्हणाल तर पावसाळ्यात एकदा पन्हाळ्यावर जाऊन या. तीन दरवाजा माझ्या पायाखालचा, तरी एका जुलैत मी तिथंच दोनदा फिरून त्याच दगडापाशी आलो. सिनेमात वाशिझू, म्हणजे इथला मॅकबेथ, आणि त्याचा मित्र मिकी असेच घोडे दामटत धुक्यात शिरतात, परत कॅमेऱ्याकडे येतात, परत वळतात. कितीतरी वेळ हेच. मग धुकं विरतं आणि किल्ला समोरच असतो! आपण सत्तेवर बसणार ही भविष्यवाणी ऐकून आलेल्या माणसाचं डोकं कसं झालं असेल, ते सांगायला आता संवाद कशाला हवा?

पण मला हलवलं ते असाजीनं, म्हणजे वाशिझूच्या बायकोनं, इथल्या लेडी मॅकबेथनं. ज्या मालकाचा खून करायचाय, त्याच्या पहारेकऱ्यांना गुंगीची दारू द्यायची असते. ती उघड्या दारातून आतल्या काळोखात जाते. पांढरा चेहरा, फिकी वस्त्रं, सगळं त्या काळ्या चौकटीत विरघळतं. पडद्यावर कुणीच नाही. थोड्या वेळानं ती हातात दारूचं भांडं घेऊन त्याच काळोखातून उगवते. आणि या सगळ्यात ऐकू काय येतं, तर रेशमाची सळसळ. चेहरा ‘नो’ या जपानच्या पारंपरिक नाटकातल्या मुखवट्यासारखा थिजलेला, त्यामुळे आतलं सगळं ते कापडच बोलतं. मी तो भाग चार वेळा मागं नेऊन बघितला. माझ्या हातात असते तर मी तिच्यावर निळा प्रकाश टाकला असता आणि सगळं घालवून बसलो असतो.

ज्या खोलीत हे दोघं खुनाचं ठरवतात, तिथं आधीच्या एका फितुरानं जीव दिलाय. त्या रक्ताचा डाग घासूनही गेलेला नाही. पुढं असाजी भांड्यावर वाकून न दिसणारं रक्त धुवायला हात चोळत बसते तेव्हा मला पहिल्यांदा तो डाग आठवतो, शेक्सपिअरची ‘आउट, डॅम्ड स्पॉट’ ही ओळ नंतर.

कुरोसावा मुळात चित्रकार व्हायला निघाला होता. आमच्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटरही आधी नाटकांचे पडदे रंगवायचे, मग सिनेमाकडे वळले. मोकळी जागा किती सोडायची, हे अशा हातांना कळतं.

शेवटी वाशिझूवर सुटणारे बाण खरे आहेत, त्याचं काम करणाऱ्या तोशिरो मिफुनेच्या चेहऱ्यावरची भीतीही बरीचशी खरीच असणार. मोबाइलवर बघणार असाल तर निदान कानाला हेडफोन लावा, नाहीतर असाजीचं रेशीम ऐकू येणार नाही.