बाँड नको, वेळेवर पैसे द्या

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न असा, की हंगामसणाच्या (पीक हाती आल्यावर चर्चमध्ये उपकारस्तुती करून दान देण्याच्या सणाच्या) दानातून चर्चच्या मंडळीतल्या मुलांना एमबीबीएससाठी मदत करायची आहे, पण कमिटीतले काही जण म्हणतात, आधी स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की डॉक्टर झाल्यावर इथेच, नंदुरबार जिल्ह्यात नवापूर-अक्कलकुव्याकडे राहीन. आमच्या मंडळीच्या शिक्षण निधीचा हिशोब बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बाँड घेऊ नका. सरकारी कॉलेजातून निघालेल्याला एक वर्ष शासनाची सेवा करावीच लागते, नाहीतर १० लाख भरावे लागतात. त्यावर आपला आणखी एक कागद. उद्या पोरगा पुण्याला गेला तर पाळकसाहेब कोर्टात तारखा करणार का?

खरं अडतं ते दुसरीकडेच. आपली बहुतेक मुलं मावची, भिल्ल या आदिवासी जमातींची. ख्रिस्ती झाल्यामुळे एसटीचा (अनुसूचित जमातीचा) दाखला जात नाही (अनुसूचित जातीचं तसं नाही, तिथे जातो), तरी व्हॅलिडिटीला, म्हणजे दाखल्याच्या पडताळणीला, दमछाक होते. आजोबांचा शाळेचा दाखला नाही, कोतवाल बुकाची (जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल तहसीलमध्ये सापडत नाही, आणि आईबाप 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसतात. निधीतला पहिला रुपया इथे घाला, मूल अकरावीत असतानाच. कागद काढून देणारा एक जाणता माणूस सोबत दिलात तर तो पैशापेक्षा जास्त कामाला येतो.

फी भरायच्या मागे लागू नका. उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पण महाडीबीटीचे (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे येतात तेव्हा येतात, मेसवाला तोवर थांबत नाही. आमच्या एका मुलीचं जेवण पहिल्याच सत्रात बंद व्हायची पाळी आली होती. शिष्यवृत्ती मंजूर होती, खात्यावर दमडी नव्हती. तेव्हापासून आम्ही मेस, पुस्तकं, अ‍ॅप्रन आणि परीक्षा फी एवढंच धरतो आणि दर महिन्याला मुलाच्या खात्यावर टाकतो. शरीररचना शिकायला लागणारा हाडांचा सेट सीनियरकडून जुना मिळतो, नवा घेऊ देऊ नका. खासगी कॉलेज किंवा परदेश असेल तर स्पष्ट नाही म्हणा. एकाच पोराच्या फीत सगळ्या मंडळीचं दान बुडेल. त्यापेक्षा 'नीट' परीक्षा थोडक्यात हुकलेल्या दोघातिघांना रिपीटचं एक वर्ष द्या.

पैशाचं वेळापत्रकही बघा. हंगामसणाला दानात आलेल्या वस्तूंचा आपला लिलाव पिकं घरात आल्यावर होतो. तूर, मिरची, पपई, आणि तो एक कोंबडा, जो घेणारा परत दानात देतो आणि पुन्हा बोली लागते. (आमच्याकडे एका वर्षी त्या कोंबड्याने तुरीच्या पोत्यापेक्षा जास्त कमावलं.) पण प्रवेश पावसाळ्यात होतात, तेव्हा दानपेटी रिकामी असते. म्हणून यंदाचं दान पुढच्या बॅचसाठी राखून ठेवायचं. निवडीला बसताना ज्याचा पुतण्या-भाचा अर्जात आहे त्याने उठून बाहेर जायचं, मग तो मंडळीचा वडील (एल्डर) असो की खजिनदार. आणि परदेशातल्या कुणा पाहुण्याने पैसे देऊ केले तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय हातही लावू नका.

मुलांनी परत यावं असं वाटत असेल तर त्यांना सुट्टीत नवापूरजवळच्या चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटलसारख्या मिशन दवाखान्यात पाठवा. तिथल्या डॉक्टरांना आधी विचारून, चार दिवस ओपीडीत उभं राहू द्या. सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) पोर कळा सोसत कसं येतं, बाळंतीण किती लांबून जीपने आणतात, ते पाहू द्या. सही करून जे होत नाही ते यातून कधीकधी होतं. कधीकधी होत नाही, तेही धरून चला.

ज्याची मिशन दवाखान्यात राहायची मनापासून तयारी आहे, त्याच्यासाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चर्च संस्थांनी प्रायोजित केलेल्या जागा असतात. तिथेही 'नीट' परीक्षा द्यावीच लागते, आणि शिकून झाल्यावर सेवेची अट असते. मात्र एकट्या गावमंडळीची शिफारस तिथे चालत नाही, संस्था त्या कॉलेजशी जोडलेली लागते. तुमची आहे का, हे पाळकसाहेबांना बारावीच्या आधीच विचारून ठेवायला सांगा.