वाचकांचे प्रश्न : ट्रेलरच्या पोटातले व्हॉल्व्ह

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचे चाकांवरचे घर) विकत घेतला असून ऑक्टोबरपर्यंत जमेल तेव्हा मुलांना घेऊन बाहेर पडतो. आता थंडीपूर्वी नळांतले पाणी काढायला गेलो, तर तळाच्या दोन निचरा-नळ्यांपैकी थंड पाण्याची उघडतच नाही, आणि गरम पाण्याची उघडली ती आता पूर्ण बंद होत नाही, थेंब थेंब गळते. खालून पाहिले तर काळ्या प्लॅस्टिकच्या शीटमधून नळ्यांची टोके तेवढी बोटभर बाहेर आलेली दिसतात. व्हॉल्व्ह शीटच्या वर आहेत आणि आधीच्या मालकाने पाडलेल्या एका भोकातून बोटे कशीबशी त्यांच्या दांडीपर्यंत पोहोचतात. दुरुस्तीच्या दुकानात नंबर लागायला बरेच आठवडे आहेत. शीट कापून हे काम घरी करता येईल का?

उत्तर : करता येईल, पण ते आजच करण्याची घाई नाही. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि नळी किंवा जोड फोडते, त्यामुळे तुमची खरी मुदत पहिल्या कडक थंडीची आहे. ती पाळण्यासाठी हा व्हॉल्व्ह उघडलाच पाहिजे असे मात्र नाही. बाहेरून पाणी जोडण्याच्या तोंडाला अडॅप्टर लावून सुमारे 40 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा सोडावी आणि एकेक नळ, शॉवर, फ्लश उघडून पाणी बाहेर काढावे. वॉटर हीटरला बायपास देऊन, म्हणजे नळ्यांतले पाणी त्याच्या टाकीत न जाता वळवून, गुलाबी रंगाचे प्रॉपिलिन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ पंपाने फिरवले तरी चालते. गळणाऱ्या नळीच्या टोकाला तोपर्यंत टोपण बसवावे. मोटारीच्या रेडिएटरमधले अँटिफ्रीझ पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत कधीही घालू नये, ते विषारी असते. एवढे झाले की दुरुस्तीसाठी एखादा कोरडा, सावकाश दिवस निवडता येतो.

गळती नेमकी कुठे आहे हे शीटला हात लावण्यापूर्वी ठरवावे लागते. नळीच्या टोकातूनच थेंब येत असतील तर दोष व्हॉल्व्हच्या आतल्या सीलमध्ये आहे. पाणी शीटच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून किंवा कडेने येत असेल तर वरचा एखादा जोड गळतो आहे, आणि तो थेंब पडतो त्या जागेपासून कितीतरी दूर असू शकतो, कारण पाणी शीटवरून वाहत जाऊन उताराच्या टोकाला बाहेर पडते. शीट मधोमध फुगून खाली आलेली दिसली तर ती पाण्याने भरली आहे असे समजावे. अशा वेळी खाली आडवे होऊन एकदम चिरा देऊ नये, नाहीतर ओले इन्सुलेशन आणि बादलीभर घाण पाणी थेट तोंडावर येईल. बाजूला बसून खिळ्याएवढे भोक पाडावे आणि आधी पाणी निथळू द्यावे.

कामाच्या दिवशी ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर उभा करून चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत. कोपऱ्यांवरचे स्टॅबिलायझर जॅक हे ट्रेलर हलू नये म्हणून असतात, त्याचे वजन पेलण्यासाठी नाहीत, म्हणून ट्रेलर थोडाही उचलला असेल तर लोखंडी चौकटीखाली जॅक स्टँड लावल्याशिवाय खाली शिरू नये. गॅसचे सिलिंडर बंद करावेत, बाहेरची वीज काढावी आणि बॅटरीची तारही सोडवावी. वॉटर हीटर गॅस आणि वीज या दोन्ही बाजूंनी बंद करून पूर्ण थंड होऊ द्यावा, एखादा गरम पाण्याचा नळ उघडून दाब घालवावा आणि मगच त्याचा निचऱ्याचा बूच काढावा. पुढे टाकी भरेपर्यंत विजेचे बटण चुकूनही चालू करू नये, कारण कोरड्या टाकीत हीटरचा एलिमेंट काही क्षणांत जळतो.

आता शीटविषयी. ही पन्हळी प्लॅस्टिकची शीट बहुधा षटकोनी डोक्याच्या स्क्रूंनी चौकटीला धरलेली असते, तेव्हा आधी कडेचे स्क्रू पाहावेत. मीटर-दीड मीटर अंतरातले स्क्रू काढले की कड खाली झुकते आणि अनेकदा हात आत जाण्यापुरती वाट मिळते, मग कापण्याची गरजच उरत नाही. काही ट्रेलरमध्ये शीट चौकटीच्या आणि फरशीच्या सांध्यात दाबलेली असते. तिथे तीन बाजूंनी कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवणे हा मार्ग उरतो. बिजागरीची बाजू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला यावी, म्हणजे महामार्गावर वारा झाकण उघडत नाही, उलट दाबून ठेवतो. पन्हळी त्याच रेषेत असतील तर एकाच पापुद्र्यावर सुरी फिरवली की शीट सरळ दुमडते. सुरीचे पाते मात्र चार-पाच मिलिमीटरच बाहेर ठेवावे, कारण शीटला लागूनच वर पाण्याची नळी, विजेची तार किंवा गॅसची नळी असू शकते, आणि ती कापली गेली की छोट्या दुरुस्तीची मोठी दुरुस्ती होते. इन्सुलेशनला हात लावण्यापूर्वी मास्क, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. उंदरांना ही जागा फार आवडते.

तुमच्या ट्रेलरमध्ये बहुधा अर्ध्या इंचाची पेक्सची (एक प्रकारच्या लवचीक प्लॅस्टिकची) नळी असेल. लाल म्हणजे गरम आणि निळी म्हणजे थंड असा संकेत आहे, पण काही ट्रेलरमध्ये सगळ्या नळ्या पांढऱ्याच निघतात, म्हणून रंगावर न विसंबता नळी कुठून येते ते हाताने चाचपून घ्यावे. नळी करवतीने न कापता पेक्सच्या कात्रीने काटकोनात कापावी, आणि कापताना वरच्या बाजूला जितकी जास्त लांबी राहील तितके बरे, म्हणजे जोड बिघडला तर पुन्हा कापायला जागा उरते. तांब्याच्या रिंगला लांब दांड्यांचे क्रिंप अवजार (रिंग दाबून आवळणारे) लागते आणि ते चौकटीच्या आत पूर्ण मिटत नाही. स्टेनलेस स्टीलच्या कानवाल्या क्लॅम्पचे अवजार एका बाजूने, नुसत्या कानाला धरून दाबता येते, म्हणून अडचणीच्या जागी मी तेच सुचवेन. दाबून बसवायचे तयार जोड अवजाराशिवाय बसतात हे खरे. पण त्यांत नळी पूर्ण आत गेली आहे ना हे आधी खूण करून तपासावे लागते, आणि सतत हादरे बसणाऱ्या वाहनात त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना नळी चौकटीला क्लिपने बांधावी लागते.

व्हॉल्व्ह पितळेचा, पाव फेऱ्यात उघडणारा बॉल व्हॉल्व्ह घ्यावा. त्याची एक गोम मात्र अनेकांना माहीत नसते. तो पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असताना आतल्या गोळ्याभोवती थोडे पाणी अडकून राहते आणि निचरा करूनही थंडीत तेवढे पाणी व्हॉल्व्ह फोडू शकते. हिवाळ्यात त्याची दांडी अर्धवट, तिरपी ठेवावी, म्हणजे तेही पाणी निघून जाते.

आता मुख्य मुद्दा, जागेचा. कारखान्यात नळ्या आणि टाक्या आधी बसतात आणि शीट नंतर लागते, त्यामुळे बसवणाऱ्याला व्हॉल्व्हपर्यंत सहज हात पोहोचतो आणि तुम्हाला पोहोचत नाही. नवा व्हॉल्व्ह जुन्याच जागी तसाच बसवून शीट पुन्हा बंद करणे म्हणजे हाच त्रास काही वर्षांनी पुन्हा ओढवून घेणे होय. फक्त उन्हाळ्यात फिरणाऱ्यांनी नळी थोडी वाढवून व्हॉल्व्ह शीटच्या खाली, चौकटीच्या कडेला आणावा. तो नळजोडणीतल्या सर्वांत खालच्या जागी राहील आणि रस्त्यावरच्या दगडांचा मार थेट बसणार नाही, एवढे पाहावे. तुम्ही ऑक्टोबरमध्येही मुक्काम करता. शीटच्या वरची पोकळी भट्टीच्या (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या यंत्राच्या) उबेने गरम राहत असेल तर व्हॉल्व्ह त्या उबेबाहेर आणल्यावर रात्रीच्या थंडीत तो आधी गोठेल. तुम्ही व्हॉल्व्ह वरच ठेवावा आणि त्याच्या बरोबर खाली, उघडझाप करता येणारी प्लॅस्टिकची तयार खिडकी शीटमध्ये कायमची बसवावी. कापलेला भाग चिकटपट्टीने जोडायचाच असेल तर शीट आधी आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसावी. ती पॉलिप्रॉपिलिनची असते आणि तिला साधा गोंद धरत नाही. त्याहून टिकाऊ म्हणजे त्याच शीटचा दोन इंच मोठा तुकडा वरून ठेवून रुंद वॉशरच्या स्क्रूंनी आवळणे. फवारून फुगणारा फोम भरून भोक बुजवू नये. पुढच्या दुरुस्तीला तो खरवडत बसावे लागते.

खिडकी बसवण्याआधी पाणी भरून पंप चालू करावा आणि प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर फिरवावा, त्यावर सुईएवढा ओलावाही दिसतो. सगळे नळ बंद असताना पंप अधूनमधून क्षणभर घरघरत असेल तर पाणी अजून कुठेतरी जाते आहे.

प्रश्न : आमच्या ट्रेलरच्या स्वयंपाकघराकडच्या सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह ओढण्याच्या दांडीला जोडलेल्या केबलवर चालतो. दांडी आत ढकलली तरी तो पूर्ण बंद होत नाही आणि निचऱ्याच्या तोंडाचे झाकण काढले की पाणी अंगावर येते. व्हॉल्व्ह शीटच्या वर आहे. केबल बदलावी की व्हॉल्व्ह? (ऑन्टारिओहून)

उत्तर : दांडी हातालाच सांगते. ती अगदी सैल सरकत असेल आणि पाण्यात काही फरक पडत नसेल तर केबल पात्याच्या (व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना सरकणाऱ्या आतल्या पत्र्याच्या) टोकाशी सुटली आहे. जड, अडखळत चालत असेल तर केबलचे वेटोळे कुठेतरी फार घट्ट वळले आहे किंवा तिच्या आत गंज चढला आहे. दांडी शेवटपर्यंत जाते आणि तरी गळते, असे असेल तर पाते ज्या खाचेत बसते तिथे अन्नाचे कण आणि चरबी साचली आहे. तिसरी शक्यता सर्वांत जास्त, आणि तिला शीट उघडावी लागत नाही. टाकीत कोमट पाणी आणि थोडे भांड्यांचे द्रावण घालून ट्रेलर थोडा फिरवावा, डंप स्टेशनवर (सांडपाणी सोडण्याच्या ठरलेल्या जागी) टाकी रिकामी करावी आणि व्हॉल्व्ह उघडझाप करत पुन्हा धुवावी. वंगण लावायचे तर सिलिकॉनचे किंवा टाकीच्या व्हॉल्व्हसाठीच मिळणारे. पेट्रोलियमच्या ग्रीसने रबरी सील फुगते.

एवढ्याने भागले नाही तर निचऱ्याच्या तीन इंची तोंडावर फिरवून बसवायचा जादा व्हॉल्व्ह मिळतो. तो बसवला की आतला व्हॉल्व्ह थोडा गळला तरी बाहेर पाणी येत नाही, आणि पुष्कळजण त्यावरच वर्षानुवर्षे निभावतात. त्याला माझा आक्षेप नाही. फक्त संडासाच्या टाकीचा नळही बहुधा त्याच तोंडाला येऊन मिळतो, त्यामुळे तो व्हॉल्व्ह उघडताना हातमोजे आणि खाली बादली हवी.

व्हॉल्व्ह बदलायचाच ठरला तर टाकी रिकामी करून धुवावी आणि पुढचा जॅक वरखाली करून ट्रेलर असा कलता करावा की उरलेले पाणी व्हॉल्व्हपासून दूर जाईल. व्हॉल्व्ह दोन फ्लँजमध्ये (नळ्यांच्या टोकांवरच्या पसरट कडांमध्ये) चार बोल्टनी धरलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक रबरी सील असते. जुनी सील पुन्हा वापरू नये. हे काम बिघडते ते इथे : व्हॉल्व्ह आत सरकवताना सील खाचेतून निसटून दुमडते आणि सगळे बंद करून पाणी भरल्यावरच ते कळते. सीलला सिलिकॉन ग्रीस लावावे, खालचे दोन बोल्ट आधी सैल घालावेत, फ्लँज हलक्या हाताने फाकवून व्हॉल्व्ह वरून उतरवावा आणि आरसा व टॉर्च घेऊन दोन्ही सील जागेवर आहेत याची खात्री करावी. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आणि बेताने आवळावेत. प्लॅस्टिकचे फ्लँज जास्त आवळले की पातेच अडकते. केबल टाकताना मोठी वळणे द्यावीत. व्हॉल्व्ह ट्रेलरच्या कडेपासून सरळ रेषेत असेल तर केबल काढून सरळ दांडाच बसवावा, त्यात बिघडण्यासारखे काही नसते.

प्रश्न : पिण्याच्या पाण्याच्या टाकीखालची निचऱ्याची लहान प्लॅस्टिकची तोटी तुटली. तुकडा टाकीच्या आट्यांतच अडकला आहे. टाकी खाली उतरवावी लागेल का? (न्यू जर्सीहून)

उत्तर : बहुधा नाही. टाकी मात्र आधी पूर्ण रिकामी हवी. एक अमेरिकन गॅलन पाणी 8.3 पौंड भरते, म्हणजे 40 गॅलनच्या भरल्या टाकीत सुमारे 150 किलो वजन असते, आणि खाली आडवे पडून तिचे पट्टे सैल करणे जिवावर बेतू शकते. आट्यांत अडकलेला तुकडा काढायला आतून पकडणारे निपल एक्स्ट्रॅक्टर मिळते. ते फिरवताना टाकीला जोडलेला प्लॅस्टिकचा उंचवटा दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, कारण तो फिरला किंवा चिरला तर टाकीच बदलावी लागते. नव्या जोडावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून आधी हाताने आणि मग पान्याने जेमतेम एक फेरा आवळावे. तोटी पुन्हा तिथेच न लावता त्या जोडातून पेक्सची नळी चौकटीच्या कडेपर्यंत उतरत आणून तिथे व्हॉल्व्ह बसवावा. त्यानंतर टाकीच्या प्रत्येक 15 गॅलनला पाव कप या प्रमाणात बिनसुगंधी घरगुती ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत घालावे, टाकी भरून ते पाणी सगळ्या नळांतून फिरवावे, काही तास तसेच ठेवावे आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावे. या नव्या व्हॉल्व्हमधूनही थोडे ब्लीचचे पाणी सोडायला विसरू नये.