वाचक विचारतात: नामिबियाचा समुद्र आणि सासूबाईंचं जेवण

प्रश्न: आम्ही खारघरला राहतो. मी, नवरा, दोन मुलं (13 आणि 9) आणि सासूबाई, वय 67, शुद्ध शाकाहारी. मे महिन्यात दहा दिवस नामिबियाला जायचंय. मुलांना बीच हवाय, नवऱ्याला वाळवंट, मला प्राणी. ट्रॅव्हलवाल्याने आठ ठिकाणांची यादी दिलीये, होईल ना सगळं? आणि गाडी स्वतः चालवावी का?

उत्तर: होईल, पण सगळं गाडीच्या काचेतूनच बघून होईल. हा देश महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा आणि माणसं जेमतेम तीस लाख, म्हणजे 2011 च्या जनगणनेत ठाणे आणि नवी मुंबई शहरांत मिळून होती साधारण तेवढीच, त्यामुळे दोन गावांच्या मध्ये काहीच नसतं, चहाची टपरीसुद्धा नाही, आणि बरेचसे रस्ते खडीचे. त्यातली निम्मी यादी खोडा. राजधानी विंडहुकला एक रात्र, वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या सेस्रिएमला दोन, समुद्रकाठच्या स्वाकोपमुंडला तीन, प्राण्यांसाठी एटोशा नॅशनल पार्कला तीन, बस.

मुलांना आत्ताच सांगून ठेवा की समुद्र आहे पण डुंबायला नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या बेंग्वेला प्रवाहामुळे पाणी गारठवणारं असतं आणि सकाळी धुकं. गंमत म्हणजे त्या थंड पाण्यामुळेच किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून नवऱ्याचं वाळवंट थेट मुलांच्या बीचला येऊन भिडलंय! स्वाकोपमुंडपासून जवळच वॉल्विस बे, तिथे कयाकमधून सील बघता येतात, मुलं खूश होतील. खाडीत फ्लेमिंगोही आहेत, पण ते तुम्ही नेरुळला फुकट बघता.

सेस्रिएमच्या गेटमधून वाळवंटात आत साधारण 60 किलोमीटर डांबरी रस्ता, शेवटचे 5 किलोमीटर नुसती वाळू. तिथे फोर-बाय-फोर नसेल तर मुकाट्याने शटल घ्या, वाळूत रुतलेली गाडी काढण्यात अख्खी सकाळ जाते. पुढे डेडव्हलेपर्यंत, म्हणजे वाळलेल्या झाडांच्या पांढऱ्या कोरड्या तळापर्यंत, वाळूतून चालावं लागतं, सासूबाईंना जमेलच असं नाही, तर त्यांच्यासाठी वाटेतली ड्यून 45 नावाची वाळूची टेकडी खालूनही छान दिसते.

त्यांची खरी मजा एटोशात. ओकौक्वेयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात, बाकावर शाल गुंडाळून बसायचं, हत्ती-गेंडे स्वतः येतात. मात्र मे म्हणजे तिकडचा पावसाळा नुकताच संपलेला, पाणी इकडेतिकडे शिल्लक असतं, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरइतकी गर्दी पाणवठ्यावर दिसणार नाही. तरी मी मेच म्हणेन, दिवाळीच्या सुट्टीत तिकडचं ऊन सासूबाईंना झेपायचं नाही. एटोशाच्या भागात मलेरिया असतो, गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

गाडी जरूर चालवा, तिकडेही डावीकडूनच चालवतात. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा, ते वर्षभर चालतं. खडीवर 80 च्या वर जाऊ नका, दोन स्टेपन्या मागा, पंप दिसला की टाकी फुल, आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, कारण रात्री कुडू नावाचं भलंमोठं हरीण अचानक रस्त्यात येतं.

मुंबईहून थेट विमान नाही, जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे जावं लागतं. जोहान्सबर्गला एअरपोर्टबाहेर पडायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा वेगळा व्हिसा लागतो. मुलांचे आईवडिलांच्या नावांसकट जन्मदाखले घ्या. नामिबियाचे व्हिसाचे नियम 2025 मध्ये बदललेत, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका. पैशाचं म्हणाल तर रँड आणि नामिबियन डॉलर सारख्याच किमतीला चालतात, पण नामिबियन डॉलर तिथेच संपवून या.

आणि जेवण? लॉजच्या ताटात मांसच जास्त. किचनवाली खोली घ्या, सुपरमार्केटमध्ये भाजी-तांदूळ मिळतो, घरून मेतकूट आणि छोटा कुकर न्या. सोलिटेअर नावाच्या पंपावर ॲपल पाय मिळतो, त्यात अंडं आहे का ते मात्र आधी विचारा नाहीतर सासूबाई परतीपर्यंत बोलायच्या नाहीत.

प्रश्न: आपल्या कुनोत आलेले चित्ते तिथलेच ना? मग एटोशात दिसतील का? (ठाणे, घोडबंदर रोड)

उत्तर: हो, 17 सप्टेंबर 2022 ला आठ चित्ते तिथूनच आले. एटोशात आहेत, पण नशीब लागतं, कारण तिकडचे बहुतेक चित्ते पार्कबाहेर, शेतकऱ्यांच्या जमिनींवर राहतात. विंडहुकहून एटोशाला जाताना वाटेत ओचिवारोंगो लागतं, त्याच्या जवळ चित्ता संवर्धन केंद्र आहे, तिथे अर्धा दिवस ठेवा.