गेटहोस्टबायनेम दोन वेगळ्या नावांना एकच पत्ता का देतं?

गेटहोस्टबायनेम हे सी मधलं फंक्शन होस्टच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधतं. तुम्ही दोन नावांसाठी ते लागोपाठ कॉल केलंय, परत आलेले पॉइंटर ए आणि बी मध्ये ठेवलेत आणि शेवटी दोन्ही पत्ते छापलेत. दोन्हीकडे दुसऱ्या नावाचाच पत्ता येतोय. यात डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा, काही दोष नाही. हे फंक्शन उत्तर लायब्ररीच्या स्वतःच्या स्टॅटिक जागेत लिहितं आणि तुम्हाला फक्त त्या जागेचा पॉइंटर देतं. दुसऱ्या कॉलने तीच जागा पुसून वर नवीन लिहिलं. ए आणि बी स्वतःच %p ने छापून बघा, दोन्हीकडे बहुतेक एकच आकडा दिसेल. पत्ता मजकुराच्या रूपात देणारं इनेट_एनटीओए याच जातीचं आहे, एकाच प्रिंटएफमध्ये दोनदा वापरलंत की तिथेही हाच घोळ.

दोन कॉलच्या मधे मेमकॉपीने पहिला पत्ता स्वतःच्या जागेत उतरवून काम भागेल, पण मी त्यात वेळ घालवणार नाही. पॉझिक्सने (युनिक्ससारख्या सिस्टम्सचं मानक) गेटहोस्टबायनेम २००८ मध्ये काढूनच टाकलं, आणि आयपीव्ही६, म्हणजे नवीन लांब पत्ते, त्याला नीट झेपत नाहीत. सरळ त्याच कामाचं नवं फंक्शन गेटअ‍ॅड्रइन्फो वापरा.

कसले पत्ते हवेत ते त्याला सांगणारं हिंट्सचं स्ट्रक्चर आधी मेमसेटने शून्य करा, फॅमिली एएफ_अनस्पेक (आयपीव्ही४ किंवा ६, काहीही चालेल) ठेवा आणि सॉकटाइपमध्ये सॉक_स्ट्रीम भरा. सॉकटाइप रिकामं सोडलंत तर लिनक्सवर प्रत्येक पत्ता साधारण तीनदा येतो: स्ट्रीम, डेटाग्राम आणि रॉ. मग लोक डुप्लिकेट काढायचा कोड लिहीत बसतात!

उत्तरात मिळते ती पत्त्यांची लिंक्ड लिस्ट. बरेच जण पहिला नोड उचलतात आणि बाकीचे सोडून देतात. पहिला पत्ता आयपीव्ही६ चा असेल आणि तुमच्या नेटवर्कवर ते धड चालत नसेल, तर प्रोग्राम तिथेच अडकतो. नोडमधल्या एआय_नेक्स्ट पॉइंटरने पुढे जात रहा. सॉकेट उघडा, कनेक्ट करा, जमलं नाही तर क्लोज करून पुढचा पत्ता. शेवटी फ्रीअ‍ॅड्रइन्फोने लिस्टची मेमरी मोकळी करा.

गेटअ‍ॅड्रइन्फोकडून एरर आली तर पेररच्या (एररनोवरून मेसेज छापणारं फंक्शन) नादी लागू नका. एररचा कोड रिटर्न व्हॅल्यूतच असतो, तो जीएआय_स्ट्रएररला द्या, ते त्याचा मेसेज देतं. ईएआय_सिस्टम आलं तरच एररनो बघायचं.

आणि नंतर 'डिग वेगळा पत्ता दाखवतंय' असं वाटलं, तर लक्षात घ्या: डिग ही कमांड थेट डीएनएसला विचारते, गेटअ‍ॅड्रइन्फो मात्र एनएसस्विच.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधला क्रम पाळतं, त्यात सहसा हॉस्ट्स फाइल (मशीनवरचीच नावं-पत्त्यांची यादी) आधी येते. ताडून बघायला 'गेटेंट एहोस्ट्स' ही कमांड चालवा, ती गेटअ‍ॅड्रइन्फोच वापरते.