लागू न पडणारे औषध सोबत कशासाठी?

प्रश्न : माझे वडील न्यूमोनियामुळे सोलापुरातील एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहेत. कल्चर रिपोर्टमध्ये अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा जंतू आला असून मेरोपेनेमसमोर ‘आर’ लिहिले आहे. तरीही कोलिस्टिनबरोबर मेरोपेनेमची इंजेक्शने सुरू आहेत. जे लागूच पडत नाही, ते औषध कशासाठी?
एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. ‘आर’ या अक्षराचा अर्थ, ते औषध एकटे दिल्यास त्या जंतूवर चालणार नाही, एवढाच असतो. जोडीने दिल्यास काय होईल, हे त्या चाचणीत तपासलेलेच नसते.

कोलिस्टिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी आहे. तिच्यावर धन विद्युतभार असतो, तर अ‍ॅसिनेटोबॅक्टरसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य पटलावर ऋण. हे पटल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या आयनांनी सांधलेले असते. कोलिस्टिन त्यांना हुसकावून त्यांची जागा घेते, तेव्हा पटल विस्कटते आणि एरवी बाहेरच अडणारे औषध आत शिरू शकते. 1983 साली याचा फार बोलका पुरावा मिळाला : कोलिस्टिनच्याच कुळातील पॉलिमिक्सिन बी या औषधाचा, स्निग्धाम्लाचे शेपूट काढून टाकलेला तुकडा जंतूंना स्वतः मारत नव्हता, पण त्याच्या सोबतीने रिफॅम्पिसिन हे दुसरे प्रतिजैविक मात्र त्यांच्यावर कित्येक पटींनी प्रभावी ठरले.

प्रयोगशाळेत अशी जोडी 96 खळग्यांच्या प्लेटवर पारखतात. एका दिशेने एका औषधाची मात्रा निम्मी निम्मी करत नेतात, दुसऱ्या दिशेने दुसऱ्याची, आणि प्रत्येक खळग्यात जंतू घालून रात्रभर उबवून कोणता खळगा नितळ राहिला, म्हणजे कुठे जंतू वाढले नाहीत, ते पाहतात. प्रत्येक औषधाच्या एरवीच्या किमान मात्रेचा जेमतेम चौथा हिस्सा मिळून वाढ रोखत असेल, तर ती जोडी खरोखर परस्परांचे बळ वाढवते, असे मानतात.

प्लेटवरचे हे यश रुग्णापर्यंत पोहोचतेच असे नाही, हेही आपल्याला सांगितलेच पाहिजे. इस्रायल, ग्रीस आणि इटलीतील 406 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील बहुतेकांना अ‍ॅसिनेटोबॅक्टरचाच संसर्ग होता. तरी एकट्या कोलिस्टिनपेक्षा मेरोपेनेमच्या जोडीने लक्षणीय फायदा दिसला नाही. जंतूकडे मेरोपेनेमचे विघटन करणारी एन्झाइम असतील, तर आत शिरलेले औषधही निकामी होऊ शकते.

जोडी निवडण्यामागचे कारण डॉक्टरांना अवश्य विचारा आणि मेरोपेनेमचा एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ रोखायला लागणारी त्याची किमान मात्रा, किती आला आहे, तेही विचारा, कारण तो आकडा फार मोठा असेल तर जोडीकडून आशा कमी असते. इंजेक्शन बंद करण्याचा आग्रह मात्र स्वतःहून धरू नका. कोलिस्टिन मूत्रपिंडांना इजा करू शकते, म्हणून वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि लघवीचे प्रमाण यांवर लक्ष ठेवले जात आहे ना, याची खात्री करून घ्या.