जुन्या मॅसी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर ११-२८ लिहिलंय, दुकानदार १२.४-२८ देतोय, बसेल का? आणि रिम सडलाय तर कुठलाही २८ चा रिम चालेल का?

पहिल्याचं उत्तर, बसेल. दुकानदार फसवत नाहीये तुम्हाला. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, इंचात. पूर्वी ती अरुंद रिमवर चढवून मोजायचे, मग रिम रुंद आले, तोच टायर त्यावर जास्त पसरायला लागला म्हणून आकडा बदलला. ११ चा १२.४ झाला, १० चा ११.२ आणि १२ चा १३.६. काही टायरवर तर १२.४/११-२८ असं दोन्ही छापलेलं असतं.

दुसऱ्याचं उत्तर मात्र नाही, आणि इथे मी स्वतः पैसे घालवलेत म्हणून जरा लांबड लावतो.

आमचा मॅसी १०३५ शिळफाट्याकडच्या गावी आहे. खाडीकडची शेतं, चिखलणीला दरवर्षी खारट चिखलात चाक, वर वजनासाठी ट्यूबमध्ये पाणी भरलेलं, त्यामुळे व्हॉल्व्हच्या भोकाभोवती रिम आतून गंजाने खाल्ला गेला. बाहेरून रंग बरा दिसत होता, टायर उतरवला तर खारी बिस्किटासारखे पापुद्रे हातात. मग कळंबोलीला फिरून एका भंगारवाल्याकडून जुने दोन रिम आणले, टेप लावून मोजले पण मी मोजले बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. घरी आल्यावर काका बघतात तर म्हणाले, "अरे टेप आतून धर ना, टायर काय कडेच्या बाहेर बसतो का?" पुसून बघितलं तर एकावर डब्ल्यू १० आणि दुसऱ्यावर डब्ल्यू ११ ठोकलेलं, म्हणजे रिमची रुंदी इंचात! नुसते बघून कळत नाही हो, टायर चढवल्यावर एक जास्त गोल आणि एक चपटा दिसला असता.

तर रुंदी कडांच्या आतल्या अंगाने मोजायची. आणि २८ म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, रिमच्या बाहेरच्या काठाचा नाही, तो जास्तच भरतो. १२.४ ला डब्ल्यू ११ योग्य, डब्ल्यू १० वरही चालतो. कोणी १३.६ घ्या, दिसायला भारी दिसतो म्हणालं तर तो डब्ल्यू १२ चा टायर आहे, ११ वर चालवतात, १० वर नको. शिवाय तो उंचीला साधारण ५ सेंमी मोठा, चाकं आत घेतलेली असतील तर मडगार्डला घासेल. आणि काही झालं तरी एका बाजूला १२.४ आणि दुसऱ्या बाजूला १३.६ नको, सरळ जातानाही डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) फिरत राहतो, आवाज येईपर्यंत कळत नाही.

डिस्क (रिमच्या मधली, नटांनी आवळायची तबकडी) दुसऱ्या ट्रॅक्टरची घेताना नुसती भोकं किती ते मोजून काय उपयोग नाही, आठ भोकं बऱ्याच ट्रॅक्टरला असतात. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा, आणि मधलं मोठं भोक पण. मी काय केलं, जुन्या डिस्कवर पुठ्ठा ठेवून ग्रीसचा हात फिरवला, भोकांच्या कडा छान उमटल्या, तो पुठ्ठा गाडीत टाकून दुकानात गेलो. दुकानदार हसला, पण दोन डिस्क त्यावर ठेवून बघितल्यावर एक बसत नव्हती तेव्हा हसायचं थांबला.

चढवताना टायरवरच्या खाच्यांची दिशा बघा. मागून बघितलं तर कौलाच्या छपरासारखं टोक वर यायला हवं. दोन चाकांतलं अंतर बदलायला रिमसकट डिस्क उलटवलीत तर दिशा उलटी होते, मग डावं चाक उजवीकडे लावावं लागतं, हे विसरून आमच्याकडे एकदा सगळं काम पुन्हा झालंय.

आणि एक, टायरची कड बसत नाही म्हणून पंक्चरवाला हवा मारतच राहिला तर थांबवा त्याला. ३५ पौंडाच्या वर नाही, हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत बसवायचा. रिम फुटला तर समोर उभा असलेला माणूस जातो. शेतात मागच्या टायरला १२-१४ पौंड पुरे. नट पहिल्या दिवसाच्या कामानंतर परत आवळा, नवीन रंगामुळे ढिले होतात.

तुमच्या सध्याच्या रिमवर व्हॉल्व्हजवळ वायर ब्रश मारा, आकडा तिथेच असतो बहुतेक. तो वाचता आला तर इथे टाका, मग १३.६ चा विचार करायचा की नाही ते सांगता येईल.